पाट्यावरचा हात

मी पाटा बोलतोय. झालं, लगेच तुमच्या डोळ्यांपुढे मिरच्या आणि ओलं खोबरं आलं असेल. तसला पाटा मी नव्हे. माझ्यावर रंग वाटतात, म्हणजे वाटायचे. फ्लोरेन्स शहरात उस्ताद अर्दिंगो नावाच्या चित्रकाराच्या कारखान्यात, खिडकीखालच्या ओट्यावर मी होतो. मोठमोठे लोक त्याच्याकडे येत, त्याला वाकून नमस्कार करत आणि आपल्या टोप्या काढून माझ्यावर ठेवत.

माझ्यावर! माझा जन्म मिसर देशातल्या उघड्याबोडक्या डोंगरातला. अंग लालजांभळं, त्यावर पांढरे तीळ. हा रंग पूर्वी फक्त सम्राटांसाठी राखलेला असे. रोममधल्या एका सम्राटाच्या स्नानगृहात मी जमिनीत बसवलेला होतो, आणि तो रोज सकाळी अनवाणी माझ्यावर उभा राहून शिंकायचा. पुढे ते राज्य बुडालं, छप्पर कोसळलं, आणि माझ्यावर बकऱ्या बसू लागल्या. खरं सांगतो, सम्राटापेक्षा बकऱ्या बऱ्या. निदान त्या स्वतःबद्दल बोलत नाहीत.

मग कुणीतरी मला गाडीत घालून या शहरात आणलं. एका शिल्पकारानं माझ्यातून कुण्या सरदाराचं तोंड कोरायला घेतलं. छिन्नीमागून छिन्नी बोथट झाली, माझा टवकासुद्धा उडाला नाही. शेवटी तो म्हणाला, "हा दगडच वाईट आहे." नाचता येईना, अंगण वाकडं! त्यानं मला अर्दिंगोच्या गळ्यात मारलं. असा मी पाटा झालो.

आता या अर्दिंगोबद्दल. त्याच्या तोंडात एकच वाक्य चोवीस तास असायचं. "चित्रकार म्हणजे रंगारी नव्हे. चित्रकार म्हणजे शास्त्रज्ञ!" या शहरात चित्रकार, वैद्य आणि औषधवाले यांची एकच पंचायत, कारण रंग मिळतात ते औषधांच्याच दुकानात. तेवढ्यावरून हा स्वतःला वैद्यांच्या पंगतीला नेऊन बसवायचा. एकदा त्यानं भिंतीत एक खिळा ठोकला आणि त्या खिळ्यापासून खोलीच्या कानाकोपऱ्यात दोरे ताणले. लांबच्या वस्तू लहान का दिसतात ते म्हणे त्यातून सिद्ध होणार होतं. जे बकरीला कळतं ते सिद्ध करायला याला आठवडाभर दोरे लागले. पाहुणे आले की त्यांना तो त्या दोऱ्यांखालून रांगायला लावायचा, आणि ते रांगायचेही.

भिंतीवरचं चित्र ओल्या गिलाव्यावर रंगवतात. गिलावा वाळायच्या आत रंग द्यायचा, नाहीतर तो पकडत नाही, मग खरवडून पुन्हा लिंपा. अर्दिंगो कुंचला हातात घेऊन शास्त्रावर भाषण ठोकत राहायचा, तोवर गिलावा वाळून जायचा. मग शिव्या कुणाला? गवंड्याला. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

एक मात्र मान्य करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल दगडाला पोटदुखी झालीय. त्याचा हात चांगला होता. त्यानं भिंतीवर रस्ता काढला की लोक त्यात पाऊल टाकायला जायचे आणि कपाळमोक्ष करून घ्यायचे. ते दोरे काही अगदीच फुकट नव्हते. पण देवानं हात दिला की जीभ कापून घ्यावी, असं माझं मत आहे.

माझ्यावर रंग वाटायला नूतो नावाचा माणूस होता. अर्दिंगोच्या बापाच्या वेळेपासूनचा. त्याची बायको लवकर गेली होती, आणि मुलगी तेस्सा त्याच्याबरोबर कारखान्यातच वाढली. नूतो वरवंटा फिरवायचा ते गोल गोल, पाण्याचा शिपका देत, कधी घाई नाही. लाल हिंगूळ जितका वाटावा तितका खुलतो, आणि निळा दगड जास्त वाटला की राखेसारखा फिका पडतो. हे सगळं माझ्या अंगावर चालायचं, म्हणून मला ठाऊक. बाकी नूतोही काही संत नव्हता. तो माझ्यावर कांदा चिरायचा आणि मग त्यावर देवमातेच्या झग्याचा रंग वाटायचा.

म्हातारपणी नूतोच्या उजव्या हाताची दोन बोटं वळायला लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. तळव्यात आधी एक गाठ आली, मग तिच्यापासून दोरीसारखं काहीतरी ताठ झालं, आणि बोटं तळव्याकडे ओढली गेली ती कायमची. तोंड धुताना त्याचंच बोट त्याच्या डोळ्यात जायचं. बिचारा रोज सकाळी स्वतःलाच शिवी घालायचा. उरलेल्या बोटांनी वरवंटा मात्र तो घट्ट धरायचा.

एवढ्या वर्षांत अर्दिंगोनं त्या हाताकडे कधी पाहिलं नव्हतं. संतांचे हात, देवदूतांचे हात, सावकारांच्या बायकांचे हात, सगळे पाहिले. जो हात त्याचा रंग वाटायचा तो नाही पाहिला. एके दिवशी अचानक त्यानं नूतोचं मनगट धरलं.

"नूतो, हे असं का होतं?"

"मला काय विचारता, उस्ताद? शास्त्रज्ञ तुम्ही."

"वैद्य म्हणतात, बोट ओढणारी शीर आखडते. सगळ्या ग्रंथांत तेच लिहिलंय. पण कुणी उघडून पाहिलंय?" अर्दिंगोचे डोळे चमकायला लागले. तसे चमकले की मला धडकी भरायची. "ऐक. तू मेल्यावर हा हात मला दे."

नूतोनं मनगट सोडवून घेतलं. "उस्ताद, मी अजून जेवलोसुद्धा नाही."

"थट्टा नाही करत मी."

"मग मीही नाही करत. जिवंतपणी हा हात तुमचाच होता की! मेल्यावर तरी माझा राहू द्या."

तेवढ्यात तेस्सा भाकरी आणि घेवड्याचं कालवण घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "एवढी हौस आहे तर स्वतःचा कापा ना, उस्ताद. डावा रिकामाच असतो तुमचा."

"पोरी, तुला विद्या कळत नाही."

"नाही कळत. बाबा, जेव तू."

पण अर्दिंगो सोडतो होय! चार दिवस तो नूतोच्या मागे हात धुऊन लागला. शेवटी नूतोनं वरवंटा खाली ठेवला. तो काळ्या टोपडीवाल्यांच्या बंधुमंडळात होता. हे लोक गरिबांची मयत उचलतात, देह अखंड ठेवून मानानं पुरतात, आणि त्याच एका आशेवर गरीब माणूस जन्मभर त्यांच्याकडे मेणबत्त्या पोचवत असतो. नूतोही पोचवायचा.

"उस्ताद, न्यायाच्या दिवशी तुतारी वाजेल तेव्हा सगळे मेलेले थडग्यातून उठणार. मी काय थोटा उठू? देवापुढे क्रूस कुठल्या हातानं करू?"

"देव जोडून देईल रे."

"तो देईल हो जोडून. पण तुम्ही तोडायचं कशाला?"

मग अर्दिंगोनं माझ्यावर हात ठेवून देवमातेची शपथ घेतली, तुझ्या हाताला मी हात लावणार नाही म्हणून. नूतोनं मान डोलावली आणि पुन्हा हिंगूळ वाटायला घेतला.

त्या हिवाळ्यात नूतोच्या छातीत कफ भरला. कारखान्यातच, शेगडीजवळच्या पोत्यांवर, सकाळी सकाळी त्यानं प्राण सोडला. तेस्सानं त्याचे डोळे मिटले आणि ती बंधुमंडळाला बोलवायला नदीपलीकडे पळाली. बर्फ पडला होता. जाऊन यायला वेळ लागणार होता.

अर्दिंगोनं दाराला कडी घातली. मला ओट्यावरून उचललं. जन्मात पहिल्यांदा त्यानं मला स्वतः उचललं, नाहीतर हे काम नूतोचं. मला पोत्यांशेजारी ठेवलं आणि नूतोचा उजवा हात माझ्यावर घेतला.

ती बोटं मला ओळखीची होती. एरवी ओली आणि गरम असायची. आता ती कोरडी होती.

त्यानं सुरीनं तळव्याची कातडी बाजूला केली. कातडीखाली एक पांढरा, जाड पापुद्रा आखडून दोरीसारखा झाला होता आणि त्यानंच बोटं खाली ओढली होती. त्याच्याही खाली बोटांच्या शिरा होत्या, आणि त्या ठणठणीत होत्या. त्यानं एक शीर चिमटीत धरून ओढली तर ती विहिरीच्या दोरासारखी सुळकन सरकली. म्हणजे ग्रंथ चुकले होते. वैद्य चुकले होते. नूतोच्या शिरांचा काडीचाही दोष नव्हता.

त्या वेळात अर्दिंगो एक शब्द बोलला नाही. तो फक्त बघत होता. त्याला मी आयुष्यभर तुच्छ मानलं, तेव्हाही मानत होतो, कारण समोर चोरी चालली होती. तरी सांगतो, तो तसा बघत होता तेवढाच काळ मला तो सहन झाला.

मग त्यानं हात शिवला, कापडानं गुंडाळला, वर जपमाळ बांधली. माझ्यात रक्त मुरत नाही. त्यानं मला धुतलं, पुन्हा धुतलं, पुसलं आणि ओट्यावर ठेवलं. बंधुमंडळाचे लोक आले. जपमाळ बघून म्हणाले, "वा, उस्तादांनी किती मायेनं केलंय सगळं." तेस्सानं तर रडत रडत अर्दिंगोच्या हाताचं चुंबन घेतलं. आणि त्यानं ते घेऊ दिलं. दगडाला पाझर फुटतो म्हणतात. मला शिसारी आली.

पुढची गंमत ऐका. गंमत कसली, कपाळ! अर्दिंगोनं त्या हाताचं मोठं चित्र काढलं. कातडी उघडलेली, खाली शिरा, एकेक धागा नीट. पण बोटं? बोटं सरळ काढली! एक तर भीती, वाकडी बोटं तेस्सानं लगेच ओळखली असती. आणि दुसरी त्याची ती सवय. "निसर्ग घाईत चुका करतो, त्या सुधारणं हे चित्रकाराचं काम," असं तो नेहमी म्हणायचा. संतांची नाकं सरळ करायचा, सावकारांची पोटं आत घ्यायचा, तसंच नूतोचं बोट सरळ केलं. जे बघण्यासाठी मेलेल्या माणसाला दिलेली शपथ मोडली, तेच चित्रातून काढून टाकलं! तो आखडलेला पापुद्रासुद्धा त्यानं छान पातळ आणि सारखा करून टाकला. चित्र सुंदर झालं. त्यात खरं काही उरलं नाही.

"हा कुणाचा हात?" लोक विचारायचे.

"जेनोव्याच्या एका चोराचा. फाशी दिलेल्या परक्या माणसाचा देह चिरून बघायला मिळतो आपल्या पंचायतीला," अर्दिंगो सांगायचा.

ते चित्र माझ्या वरच्या भिंतीवर टांगलं गेलं. तेस्सा आता बापाच्या जागी रंग वाटायची. बाईमाणसाला या पंचायतीत उस्ताद होता येत नाही, पण रंग वाटायला कुणाची ना नसते. ती वाटता वाटता वर बघायची आणि म्हणायची, "बिचारा चोर. त्याच्यासाठी कुणी मेणबत्ती लावली असेल का?" एकदोनदा तिनंच लावली. अर्दिंगो तेव्हा नेमका काहीतरी शोधायला माडीवर जायचा.

वर्षं गेली. अर्दिंगोचं नाव झालं. त्या काळ्या टोपडीवाल्यांनीच आपलं नवं प्रार्थनाघर रंगवायला त्याला दिलं. भिंतभर न्यायाचा दिवस काढायचा होता, मेलेले उठताहेत, हात वर करताहेत. सारं शहर त्याची वाट बघत होतं. आणि त्याच सुमाराला तेस्साच्या उजव्या तळव्यात गाठ आली.

तिनं आधी लपवलं. मला कसं लपवणार? वरवंटा फिरवताना तिची पकड बदलली होती. मग करंगळीशेजारचं बोट वळायला लागलं. एके दिवशी तोंड धुताना तिनं "आई गं!" म्हणून डोळा धरला आणि तिथंच मटकन खाली बसली.

"बाबांचं झालं तेच," ती म्हणाली. "उस्ताद, हा हात गेला तर मी खाणार काय? मला दुसरं काही येत नाही."

अर्दिंगोनं कुंचला पुसला. बराच वेळ पुसत होता. "बघू," म्हणाला.

त्यानं काही बघायच्या आत तिनंच पंचायतीचे वैद्यराज बेनिन्काझा यांना बोलावलं. वैद्यराज म्हणजे लाल झगा, मांजराच्या केसांची किनार आणि पोटापुढे ग्रंथ. हे लोक स्वतः रोग्याला हात लावत नाहीत. ते ग्रंथ वाचतात आणि कापतो न्हावी. न्हाव्याचं नाव गोरो. तो हसतमुख होता आणि त्याला कापायला आवडायचं.

"शीर आखडली आहे," वैद्यराजांनी पान उलटलं. "मनगटापाशी छेद घेऊन शीर तोडायची. ओढ संपली की बोट मोकळं होतं."

"मोकळं म्हणजे सरळ ना?" तेस्सानं विचारलं.

"ग्रंथात मोकळं म्हटलंय."

"करा," तेस्सा म्हणाली. "बाबांसारखं नको व्हायला." तिनं कपाळावरचा घाम पुसला आणि उजवा हात पालथ्याचा उताणा करून माझ्यावर ठेवला. "माझ्या पाट्यावरच करा. गार आहे, बरं वाटतं."

मला सगळं ठाऊक होतं. शीर निरोगी होती. ती तोडली की बोट मोकळं होणारच, मेलेल्या शेपटासारखं, आणि वाकडं ते वाकडंच. पुन्हा कधी वरवंटा धरणार नव्हतं. हे जगात दोघांनाच माहीत होतं, मला आणि त्या खिडकीपाशी उभ्या शहाण्याला.

"थांबा," अर्दिंगो म्हणाला. "शिरेचा दोष नाही. दोष वरच्या पापुद्र्याचा आहे. शीर तोडू नका."

वैद्यराजांनी भुवया चढवल्या. "कशावरून?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

"कुठं? त्यात?" त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. "मीही पाहिलंय ते. फार सुरेख. पण उस्ताद, त्यातलं बोट सरळ आहे. सरळ बोटाची शीर निरोगीच असणार. त्यात तुम्ही नवीन ते काय शोधलंत?"

गोरो खो खो हसला. "उस्तादांनी निरोगी माणूस निरोगी आहे असं शोधून काढलं!"

खरं सांगितलं तर अर्दिंगोला शपथ मोडल्याचंही सांगावं लागणार. तेस्सासमोर. आणि बंधुमंडळाच्या कानावर गेलं की प्रार्थनाघर हातचं जाणार, नाव मातीत मिळणार. त्यानं पाठ फिरवली. "ठीक आहे. तुम्ही वैद्य आहात," म्हणाला. मला नवल वाटलं नाही. त्याच्याकडून मी याहून अधिक कधी अपेक्षिलंच नव्हतं.

गोरोनं तेस्साच्या दंडाला दोरी आवळली. सुरी विस्तवावरून फिरवली. तेस्सानं डोळे घट्ट मिटले आणि लहान मुलीसारखं पुटपुटली, "बाबा, धर मला."

"तो चोर नव्हता!" अर्दिंगो ओरडला.

गोरोची सुरी तिथंच थांबली.

"तो हात चोराचा नव्हता. नूतोचा होता. बोटं वाकडीच होती, मी सरळ काढली. शिरा ठणठणीत होत्या, तेस्सा. तुझ्या बापाच्या हातात मी बघितल्या."

मग तेस्सानं डोळे उघडले. तिच्या डोळ्यांत राग होता, पण मला वाटला होता तो नव्हे. तिला त्याचं खरंच वाटलं नव्हतं!

"लाज नाही वाटत, उस्ताद? प्रार्थनाघराचं काम अडेल, रंग कोण वाटणार, म्हणून माझ्या मेलेल्या बापाला मध्ये ओढता? तुम्ही शपथ घेतली होती. मी स्वतः ऐकलीय. तुम्ही बढाईखोर आहात, पण एवढे नीच नाही."

बघा काय वेळ आली. जन्मभर थापा मारल्या त्या सगळ्यांना पटल्या. एकदा खरं बोलला तर समोरची बाई म्हणते, तू एवढा वाईट नाहीस!

अर्दिंगो माझ्यापाशी आला. तिचा हात त्यानं हळूच बाजूला सरकवला. खिशातून पांढरा खडू काढला आणि माझ्यावर काढायला लागला. दोरे नाहीत, मोजमाप नाही, भाषण नाही. लालजांभळ्या दगडावर पांढरी रेघ. आधी अंगठा, त्याचं दुभंगलेलं नख. सरसाच्या भांड्यानं भाजलेला मनगटाजवळचा डाग. पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यातली जुनी खूण, लहानपणी तेस्साच्या हातून कात्री लागली होती ती. मग ती दोन वळलेली बोटं, अगदी जशी तळव्यावर टेकायची तशी. आणि तळवा उघडून आतला आखडलेला पापुद्रा, आणि त्याच्याखाली सुटी, सरळ, निरोगी शीर.

खडू माझ्यावर फिरत होता आणि मला वाटलं, आता हा हात वरवंटा मागणार.

तेस्सा वाकून बघत होती. ती कात्रीची खूण बघितल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला. वैद्यराजांनीही ग्रंथ मिटून मान पुढे काढली होती.

"शिवलात कशानं?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"रेशमी दोऱ्यानं."

"नीट शिवलात?"

"मला जमलं तितकं."

"त्याला क्रूस करता येईल त्या हातानं?"

अर्दिंगो रडत होता. "येईल गं. येईल."

"गोरो, सोड दोरी," तेस्सा म्हणाली. गोरोनं सोडली. तिनं डाव्या हातानं बादलीतला ओला फडका घेतला, रोज संध्याकाळी मला पुसायची तोच.

"नको!" अर्दिंगोनं तिचं मनगट धरलं. "पुसू नकोस, तेस्सा, तुझ्या पाया पडतो! असं मी आजवर काढलेलं नाही. माझं सगळ्यात चांगलं काम आहे हे!"

बघितलंत? त्याही वेळी त्याला वाईट वाटलं ते चित्राचं.

"तुझं काम?" तेस्सा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला अरेतुरे केलं. "हा माझा बाप आहे. लोकांनी वा वा करायला नाही. जगाला दाखवायचंय ना तुला? जा बंधुमंडळाकडे, केलंस ते सांग. आणि मग पुन्हा काढ, कागदावर. वाकडं बोट वाकडंच काढ. खाली त्याचं नाव घाल. तोवर हे कुणी बघायचं नाही."

तिनं फडका फिरवला. गोल गोल, घाई नाही, बाप वरवंटा फिरवायचा तसा. खडूचं पांढरं पाणी ओट्यावरून खाली ठिबकलं आणि मी पुन्हा कोरा झालो.

वैद्यराजांनी टोपी घातली. "पाट्यावरच्या खडूला मी पुरावा मानत नाही," म्हणाले, आणि गोरोला घेऊन निघून गेले. त्यांनीही सगळं पाहिलं होतं बरं का, चांगलं वाकून! पण दोघंही बाहेर कुठं बोलले नाहीत, नाहीतर ग्रंथ चुकला हेही सांगावं लागलं असतं.

तेस्सा दुसऱ्या कारखान्यात गेली. तिचं बोट वळलं ते वळलंच, पण पकड राहिली आणि म्हातारी होईपर्यंत तिनं त्याच हाताची कमाई खाल्ली. बंधुमंडळाला तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी बापाची कबर उकरून पाहिली असती. ते सांगायचं काम अर्दिंगोचं होतं. आणि अर्दिंगो रोज सकाळी स्वतःशी म्हणायचा, "एवढं प्रार्थनाघर होऊ दे, मग जातो." प्रार्थनाघर झालं. मग म्हणाला, एवढी वेदी होऊ दे. मग म्हणाला, आता कोण विचारतंय? त्या भिंतीवर मेलेले उठताहेत, सगळ्यांचे हात वर, सगळ्यांची बोटं सरळ. लोक लांबून बघायला येतात म्हणे. तो वारला तेव्हा त्याच काळ्या टोपडीवाल्यांनी त्याला अखंड, मानानं, मेणबत्त्यांच्या उजेडात पुरलं.

त्याचं सामान विकलं गेलं. मी आता चौकातल्या औषधवाल्याच्या दुकानात असतो. माझ्यावर मलमं वाटतात. अधूनमधून कुणीतरी येतो, कधी गवंडी, कधी कोष्टी, कधी घर सांभाळणारी बाई. मनगटाला चिंधी बांधलेली असते आणि दोन बोटं वाकडी ती वाकडीच, वर लुळी पडलेली असतात. "वैद्यांनी शीर तोडली, आता काही धरता येत नाही. काही मलम आहे का?" औषधवाला मान हलवतो. "शीरच आखडली होती ना, ती तोडावीच लागते. ग्रंथात आहे." आणि तो माझ्यावर मलम वाटायला घेतो. ते मलम काही कामाचं नाही हे त्यालाही माहीत आहे.

माझं तुम्हाला काही मागणं नाही. तुमच्या टोप्याही माझ्यावर ठेवू नका. पण तुमच्यात कुणी शहाणा असेल, हात चांगला असेल, डोळा चांगला असेल, आणि त्याला कधी खरं दिसलं असेल, तर ते सांगायला प्रार्थनाघर पुरं होण्याची वाट बघू नका. काल एक पोरसवदा कोष्टीण आली होती. तिची बोटं बघून मला त्या खडूची रेघ न् रेघ आठवली, पण मी दगड आहे, मला तोंड नाही. अर्दिंगोला होतं.